कर्नल घाबरले

या महिन्याच्या मेंटेनन्स बिलात सिंकिंग फंडाच्या खाली एक ओळ जास्तीची आहे : 'संगणक प्रयोग खर्च वसुली, मागील बाकी 144.00, व्याज 2.52.' थकबाकीवर आमच्या उपविधीत वर्षाला 21 टक्क्यांपर्यंत व्याज लावता येतं, आमच्या खजिनदारकाकांनी ते पुरेपूर लावलं आहे. मी कॅल्क्युलेटर घेऊन तपासलं. पैशाचीसुद्धा चूक नाही. जास्त चीड त्याचीच आली.

'प्रयोग' एवढाच, की सोसायटीच्या ऑफिसातल्या म्हाताऱ्या कम्प्युटरवर चार वर्षांपूर्वी मीच फुकटात डेबियन लिनक्स (विंडोजसारखीच, पण फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम) टाकून दिलं होतं आणि सप्टेंबरात ते अपग्रेड करायला बसलो. वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यायची, नोटीस पूर्ण 14 दिवस आधी काढायची, म्हणजे ती त्याच दिवशी निघायला हवी होती. टाइप करून तयार होती, फक्त छापायची. शहाण्या माणसाने आधी छापली असती. मी म्हटलं, दोन मिनिटांत जरा अपडेट्स बघून घेऊ. 147 निघाली.

इतकी साचण्याचं कारण खजिनदारकाकाच. ते बँकेत कॅशला होते, निवृत्त झाल्यावर आमची तिजोरी सांभाळतात. महिन्यातून दोनदा बिलांपुरता कम्प्युटर लावतात आणि काम झालं की तडक भिंतीवरचं बटण बंद. 'शट डाउनला वीज लागते,' म्हणतात. अशा घरात अपडेट यायचं कधी आणि बसायचं कधी?

तर मी काळ्या पडद्यावर आज्ञा दिली आणि काका खुर्ची ओढून शेजारी बसले. पडद्यावर जे येईल ते मोठ्याने वाचायची त्यांना सवय आहे.

"डू यू वॉन्ट टू कंटिन्यू, विचारतंय. कमिटीची मंजुरी घेतलीत?"

"काका, ही सुरक्षेची अपडेट्स आहेत. भोकं बुजवायची असतात."

"कोणी पाडली?"

मी उत्साहाने सांगायला गेलो, की 2016 मध्ये लिनक्सच्या कर्नलमध्ये (म्हणजे गाभ्यात) एक भोक सापडलं, ते 2007 पासून तिथेच होतं. हे सांगायला नको होतं.

"नऊ वर्षं? ऑडिटर कोण होता?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. जगातल्या कोणाकडेही नाही.

मग एरर आली. डिस्कवर जागा शिल्लक नाही. काकांनी आठवण करून दिली, की डिस्क 500 जीबीची आहे आणि तिच्यात 30 जीबीसुद्धा भरलेले नाहीत, हे मीच गेल्या सभेत अभिमानाने सांगितलं होतं. खरंच होतं ते. पण सुरू होण्यापुरत्या फायलींचा 'बूट' नावाचा एक वेगळा कप्पा असतो, तो इन्स्टॉल करताना पाव जीबीचा झाला होता, कारण मी वाचण्याचे कष्ट न घेता पुढे-पुढे करत गेलो होतो. प्रत्येक नव्या कर्नलबरोबर तिथे आणखी एक जाडजूड फाइल येऊन बसते आणि जुने कर्नल आपण काढल्याशिवाय जात नाहीत.

"म्हणजे बघा," मी म्हटलं, "आवारात जागा भरपूर आहे, पण मीटररूम भरलीय. जुने कर्नल काढले की झालं."

काका एकदम गप्प झाले. मग दाराकडे बघून हळू आवाजात म्हणाले, "मी कधीपासून म्हणतोय. पण काढणार कसं? त्यांच्या नावावर आहे ती जागा."

मला पाच सेकंदं लागली. सी विंगमध्ये एक निवृत्त कर्नल राहतात. 1971च्या लढाईत होते. त्यांची गाडी मीटररूमच्या दाराला चिकटून उभी असते आणि त्यावरून काकांचं आणि त्यांचं गेली सहा वर्षं शीतयुद्ध चालू आहे.

"ते कर्नल नाहीत हो, हा कर्नल! ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. मेमरी, डिस्क, प्रिंटर, सगळ्यांना हाच कामाला लावतो."

"तेच म्हणतोय. सगळ्यांना कामाला लावतात आणि स्वतः मीटरभर सरकत नाहीत."

मी हे निस्तरत असताना काकांनी, पडद्यावर एरर आहे असं पाहून, नेहमीच्या सवयीने भिंतीवरचं बटण बंद केलं. आणि चालू केलं. "आमच्याकडे बँकेत असंच व्हायचं," म्हणाले.

नवा कर्नल कप्प्यात पोचला होता, पण डिस्क कशी उघडायची हे त्याला सांगणारी फाइल मावली नव्हती. किल्ली आत ठेवून दार ओढून घ्यावं तशी गत. पडदा काळा झाला, पांढरी अक्षरं पळाली आणि थांबली. काकांनी चष्मा पुसला आणि ठणठणीत आवाजात वाचलं, "कर्नल पॅनिक!"

ऑफिसचं दार उघडं होतं. बाहेर जिन्यापाशी तीन माणसं उभी होती.

पुढचं काम खरं तर दहा-बारा मिनिटांचं. पुन्हा सुरू करायचं, सुरुवातीच्या यादीतून जुना कर्नल निवडायचा, तोही अडलाच तर त्याच्याहून जुना. जुनी खोडं अशा वेळी उपयोगी पडतात. मी तेच केलं. साध्या अक्षरी पडद्यावर लॉगिन केलं, तिथे डेबियन प्रत्येक वेळी नम्रपणे जाहीर करतं, की या प्रणालीला कसलीही हमी नाही. 'कसलीही नाही' हे शब्द इंग्रजी मोठ्या अक्षरांत. काकांनी ते वाचलं, खिशातून डायरी काढून तारखेसकट उतरवून घेतलं आणि नोटिशीचा कच्चा कागद घेऊन कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे निघून गेले. टायपिंग 60, 42 सदनिकांच्या 42 प्रती, दोन रुपयांप्रमाणे 84. ते परत आले तेव्हा माझा प्रिंटर मजेत नोटिसा ओकत होता. त्यांनी त्या रद्दीत टाकल्या. पाठकोऱ्या म्हणून.

मला राग कशाचा येतो? बटण त्यांनी दाबलं, बिल माझ्या नावावर. चार वर्षांत या कम्प्युटरचा एक रुपया मी घेतला नाही, कोणी 'बरं झालं' म्हटलं नाही, आणि जे फुकट असतं त्याच्याकडे लक्ष जातं ते बिघडल्यावरच. हे आमच्या सोसायटीपुरतं नाही. एक्सझेड नावाचं फायली दाबून लहान करणारं छोटं सॉफ्टवेअर आहे, निम्म्या जगाचे सर्व्हर ते वापरतात. वर्षानुवर्षं एक माणूस फावल्या वेळात, बिनपगारी ते सांभाळत होता. तो थकला, तेव्हा एक 'मदतनीस' हळूहळू विश्वास संपादन करत आत शिरला आणि त्याने चोरदरवाजा बसवला. मार्च 2024 मध्ये तो सापडला, कारण आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं. अर्धा सेकंद! डेबियनच्या चाचणीच्या आवृत्त्यांपर्यंत प्रकरण पोचलं होतं, आमच्यासारख्यांच्या स्थिर आवृत्तीपर्यंत नाही.

हे वाचलं तेव्हा मला कोण आठवावं? खजिनदारकाका. 2019च्या ताळेबंदात 50 पैसे जुळेनात म्हणून त्यांनी दोन रात्री जागून काढल्या होत्या. पण हे मी त्यांना सांगणार नाही. 144 रुपये परत केले तर विचार करीन.

आणि कर्नल. जिन्यापाशी उभ्या असलेल्यांनी आपापल्या मजल्यावर आपापलं भाषांतर नेलं. चौथ्या दिवशी लिफ्टमध्ये भेटले. पाचव्या मजल्यापर्यंत काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मी घाबरलो, असं तुम्ही ऑफिसात बोललात म्हणे." मी खुलासा करू लागलो, की कर्नल म्हणजे गाभा, आणि जुने काढले ते... तेवढ्यात त्यांचा मजला आला. गाडी आता मीटररूमच्या दाराला आणखी चिकटून उभी असते.

काल पैसे भरायला गेलो. 147 रुपये टेबलावर आपटले. 48 पैसे पुढच्या बिलात जमा धरतो, काका म्हणाले आणि पावतीसाठी कम्प्युटर लावला. कोपऱ्यात खूण आली : 31 अपडेट्स. माझी नजर तिकडे गेलेली त्यांनी पाहिली. माउस उचलून त्यांनी आपल्या मांडीवर ठेवला.

"पावती हातानेच लिहितो," म्हणाले.