गिऱ्हाईक टाळून गर्दी वाढवण्याची रीत

आपला व्यवसाय लहान आहे, त्याचे संकेतस्थळ हौसेने तयार करून घेतले आहे आणि तरीही तिकडे कोणी फिरकत नाही, ही आपली व्यथा मी जाणतो. दिवसातून पंधरा वेळा आपणच ते उघडून पाहता आणि भेटींचा आकडा पंधराने वाढला म्हणून समाधानाने मोबाइल खिशात ठेवता, हेही मला ठाऊक आहे. ही सवय सोडू नये. भेटी मोजणाऱ्या साधनांत मालकाच्या स्वतःच्या भेटी वगळण्याची सोय असते, पण ती शोधण्याच्या फंदात जो पडला, त्याला आपल्या घरात आपण एकटेच आहोत हे विनाकारण कळते.

पहिले तत्त्व असे, की आपण नेमके काय करतो हे मुखपृष्ठावरून कोणालाही कळता कामा नये. समजा, आपला व्यवसाय नळदुरुस्तीचा आहे. तर ‘नळ दुरुस्त करून मिळतील’ असे लिहिणे हा निव्वळ गावंढळपणा झाला. तिथे ‘प्रवाही जीवनशैलीचे विश्वासार्ह भागीदार’ असे लिहावे आणि खाली दोन परदेशी गृहस्थ हस्तांदोलन करत असल्याचे विकतचे छायाचित्र लावावे. त्यांच्यापैकी एकाच्याही हाती पाना नसावा. ज्याच्या घरात पाणी गळते आहे, तो एका हाताने फडके धरून दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने आपले पान खालीवर सरकवत असतो. त्याला आधी सरकती चित्रे दिसावीत, मग कुकीजना संमती मागणारी पट्टी यावी, ती बाजूला सारेपर्यंत ‘आमच्या वार्तापत्राचे सभासद व्हा’ अशी चौकट पडदाभर पसरावी आणि ती बंद करायची फुली इतकी बारीक असावी, की अंगठा दर वेळी शेजारच्या जाहिरातीवरच पडावा. मोबाइलवर मजकूर झाकून टाकणाऱ्या अशा चौकटींची पाने गूगल जानेवारी २०१७ पासून शोधनिकालांत मागे ढकलू शकते. पण ढकलू द्यावे. मागच्या रांगेत शांतता असते.

दूरध्वनी क्रमांक द्यावाच लागला, तर तो चित्राच्या स्वरूपात द्यावा. म्हणजे त्यावर नुसते बोट ठेवून फोन लागत नाही, तो सहजासहजी निवडून दुसरीकडे चिकटवता येत नाही, आणि गिऱ्हाइकाला कागद-पेन्सिल शोधायला उठावे लागते. ज्याला खरी गरज आहे तो उठेल. बाकीच्यांचा लोभ आपल्याला कशाला?

पान उघडायला वेळ लागतो अशी तक्रार कोणी केली, तर तिला दाद देऊ नये. पानावरचा मुख्य मजकूर अडीच सेकंदांच्या आत दिसावा, असा गूगलचा निकष आहे. तो घाईच्या लोकांसाठी आहे. आपण कॅमेऱ्यातून निघालेली छायाचित्रे मूळ आकारातच चढवावीत, म्हणजे प्रत्येक नळ वरून खाली इंचाइंचाने प्रकट होतो. उत्कंठा निर्माण करण्याचा याहून स्वस्त उपाय नाही.

आता शोधयंत्रांकडे वळू, कारण खरी गर्दी तिकडून येते आणि खरी फजितीही तिकडेच होते. ‘नळदुरुस्ती’ हा शब्द एका परिच्छेदात चाळीस वेळा येईल अशी रचना करावी: ‘उत्तम नळदुरुस्ती हवी असल्यास नळदुरुस्ती करणाऱ्या आमच्या नळदुरुस्ती केंद्राची नळदुरुस्ती घ्यावी.’ जे शब्द यात मावणार नाहीत, ते पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांत तळाशी लिहून ठेवावेत. शोधयंत्राला ते दिसतात आणि माणसाला दिसत नाहीत, ही युक्ती इतकी जुनी आहे, की ती पकडण्याच्या युक्त्याही आता जुन्या झाल्या आहेत. कीवर्डच्या मेटा टॅगमध्येही, म्हणजे पानाच्या मागे दडलेल्या शोधशब्दांच्या यादीतही, सर्व शब्द ओतावेत. क्रमवारी लावताना आपण तो टॅग पाहतच नाही, असे गूगलने सप्टेंबर २००९ मध्ये जाहीर केले होते, परंतु हाताला एकदा लागलेली सवय इतक्या लवकर थोडीच सुटते?

यापुढची पायरी दुव्यांची, म्हणजे लिंक्सची. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या दोन विद्यार्थ्यांनी १९९८ मध्ये गूगल कंपनी काढली, तिच्या मुळाशी एक साधी कल्पना होती: एका पानाने दुसऱ्या पानाचा दुवा देणे म्हणजे त्याला मत देणे, आणि वजनदार पानाचे मत अधिक वजनदार. मताचा विषय निघाल्यावर मते विकत घेण्याचा विचार ज्याच्या मनात आला नाही, त्याने व्यवसायात पडूच नये. कोणत्याही विषयाशी संबंध नसलेल्या हजार संकेतस्थळांवर आपला दुवा लावून देणारे उदार लोक ढिगाने मिळतात. एप्रिल २०१२ मध्ये गूगलने ‘पेंग्विन’ नावाची सुधारणा आणली, तेव्हा अशा खरेदीवर उभी असलेली अनेक संकेतस्थळे एका रात्रीत खाली घसरली. त्याआधी, २००६ मध्ये, बीएमडब्ल्यूच्या जर्मन संकेतस्थळाने शोधयंत्रासाठी वेगळी पाने आणि माणसांसाठी वेगळी अशी सोय केली होती, म्हणून गूगलने ते निकालांतूनच काही काळ काढून टाकले. मोटारी बनवणाऱ्या एवढ्या मोठ्या घराण्याच्या पंक्तीत बसण्याची संधी नळवाल्याला पुन्हा केव्हा मिळणार?

‘महिन्याभरात पहिला क्रमांक, हमखास’ अशी पत्रे आपल्याला येतच असतील. ती फुकट मिळणाऱ्या ईमेल पत्त्यावरून येतात, त्यांत आपल्या व्यवसायाचे नाव चुकलेले असते आणि पाठवणाऱ्याचे स्वतःचे संकेतस्थळ शोधूनही सापडत नाही. या तीन खुणा पटल्या, की आगाऊ रक्कम पाठवून द्यावी. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीच देऊ शकत नाही, असे खुद्द गूगल आपल्या मार्गदर्शक लेखनात सांगते, पण गूगलला हमी देता येत नाही म्हणून इतरांनीही देऊ नये, हा कुठला न्याय? ती रक्कम पोहोचली, की आपण आपल्या व्यवसायाचे पूर्ण नाव शोधपट्टीत अचूक टाइप करावे. पहिला क्रमांक आपलाच असतो. हे नाव जगात दुसऱ्या कोणाचे नाही आणि दुसरे कोणी ते शोधतही नाही, या दोन्ही गोष्टी आपल्या पथ्यावर पडतात.

नकाशावर आपल्या व्यवसायाची नोंद करून वेळा, पत्ता आणि छायाचित्रे भरण्याची सोय गूगलवर विनामूल्य आहे. ज्याचे पैसे पडत नाहीत त्यावर विश्वास ठेवू नये. केलीच असेल नोंद, तर वेळा तरी दोन वर्षांपूर्वीच्या ठेवाव्यात.

लेखांचे महत्त्व मात्र नाकारता येत नाही. यंत्राकडून एका दुपारी दोनशे लेख लिहून घ्यावेत: ‘नळाचा इतिहास’, ‘नळ आणि मानवी संस्कृती’, ‘नळाविषयी दहा विलक्षण गोष्टी’. असे घाऊक, निरुपयोगी लेखन केवळ क्रमवारीसाठी करणाऱ्यांविरुद्ध गूगलने मार्च २०२४ मध्ये नियम आणला. तरीही एखादा लेख निसटतो आणि मग खरोखरच गर्दी होते. प्रकल्पाची वही पूर्ण करू पाहणारी शाळकरी मुले शेकड्यांनी येतात, दोन परिच्छेद उतरवून घेतात आणि निघून जातात. आलेख चढत जातो. त्यांच्यापैकी कोणाच्याही घरचा नळ दुरुस्त करण्याचा निर्णय त्यांच्या हाती नसतो, हा मुद्दा आलेखात दिसत नाही. म्हणूनच आलेख पाहावा.

इथे माझा स्वतःचा अनुभव सांगितला पाहिजे, कारण केवळ पुस्तकी सल्ला देणे मला आवडत नाही. माझे संकेतस्थळ ज्याने बांधले, त्याने काम चालू असताना शोधयंत्रांना आत येऊ द्यायचे नाही म्हणून रोबोट्सची छोटी फाइल ठेवली होती. ही पद्धत १९९४ पासूनची, शिष्टसंमत आणि अगदी योग्य. त्या फाइलमध्ये दोनच ओळी होत्या आणि दुसरीत ‘डिसअलाऊ’ या शब्दापुढे एक तिरकी रेघ, म्हणजे सर्वांना सगळीकडे मज्जाव. काम संपले, हिशेब झाला, तो गेला, रेघ राहिली. पुढचे आठ महिने मी बोधचिन्ह तीन वेळा बदलले, निळा रंग आणखी निळा केला आणि लोकांना गुणांची पारख उरली नाही असे चारचौघांत सांगत फिरलो. आपले संकेतस्थळ शोधात कसे दिसते हे मालकाला दाखवणाऱ्या गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये ही अडवणूक स्पष्ट शब्दांत लिहिलेली असते आणि ते साधन फुकट आहे. फुकट असल्यामुळेच मी ते कधी उघडले नव्हते.

शेवटी संपर्काच्या अर्जाकडे थोडे लक्ष द्यावे. त्यात नाव, आडनाव, हुद्दा, संस्थेचे नाव आणि ‘आपण आमच्यापर्यंत कसे पोहोचलात’ हे सर्व रकाने सक्तीचे असावेत, आणि शेवटी रस्त्यावरचे सिग्नल ओळखण्याची परीक्षा असावी. भरलेला अर्ज अशा ईमेल पत्त्यावर जावा, ज्याचा पासवर्ड फक्त संकेतस्थळ बांधणाऱ्याला माहीत होता. कधी काळी तो मिळालाच आणि पेटी उघडली, तर आत पहिल्या क्रमांकाची हमी देणारी काही शे पत्रे निघतील. त्यांच्यामध्ये कुठेतरी सात आठवड्यांपूर्वीचा एक निरोप असेल: ‘स्वयंपाकघरातला नळ रात्रीपासून गळतो आहे. आज कोणी येऊ शकेल का?’ तो वाचून विचलित होऊ नये. त्या माणसामुळे भेटींचा आकडा फक्त एकाने वाढला होता.