५४ मार्कांची झोप

दहावीत मला भूगोलात ५४ मार्क पडले होते. त्यानंतर तेवढा अपमान थेट गेल्या जूनमध्ये झाला. सकाळी सहाला मनगटावरच्या घड्याळाने निकाल लावला : झोप, १०० पैकी ५४. तोवर मला चांगलं ताजंतवानं वाटत होतं. आकडा वाचला आणि डोळे चुरचुरायला लागले.

घड्याळ लेकीने दिलेलं. हल्ली मी फार चिडतो म्हणे. परवा वॉचमनवर ओरडलो, तेही त्याने सलाम केला म्हणून. डॉक्टर म्हणाले, "काका, गोळीचं नंतर बघू, आधी झोप सुधारा." शरीरात दोन खाती असतात. 'वाघ आला, पळा' म्हणणारं सिम्पथेटिक आणि 'जेवा, पचवा, पडा' म्हणणारं पॅरासिम्पथेटिक. माझ्याकडे दुसऱ्या खात्यात बहुतेक भरतीच झालेली नाही.

पहिली कुऱ्हाड चहावर. कॅफीनपैकी साधारण निम्मं पाच तासांनीही अंगात असतं. म्हणजे ऑफिसातला सहाचा कटिंग रात्री अकराला माझ्या शेजारी उशी घेऊन पडलेला. सोडला. डोकं ठणकायला लागलं आणि वॉचमनने सलाम करणं सोडलं.

मग श्वास. श्वास सोडताना हृदयाची गती जराशी मंदावते, म्हणून तो लांबवायचा. चार मोजत आत, सात मोजेपर्यंत धरायचा, आठ मोजत बाहेर. मी ३२ वर्षं अकाउंट्समध्ये आहे. आकडे दिसले की माझी झोप उडते. चार, सात, आठ, एकोणीस. मिनिटाला तीन श्वास, सत्तावन्न सेकंद. उरलेले तीन कुठे दाखवायचे? अंधारातून सौ.चा आवाज आला, "घोरा हवं तर, पण हे फुसफुसणं थांबवा."

आईचा उपाय जुना. तळपायांना तूप लावून काशाची वाटी फिरवायची. ह्याला आधार आहे बरं का. पाय ऊबदार झाले की तिथल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, अंगातली उष्णता बाहेर पडते, आणि आतलं तापमान उतरायला लागलं की झोप येते. खरोखर पेंग आली. तेवढ्यात आठवलं, गॅस बंद केला का? तुपाचे पाय आणि स्वयंपाकघरातली गुळगुळीत फरशी! रात्री पावणेबाराला वाघाचं अख्खं खातं ओव्हरटाइमला हजर. मार्क ३८. गॅस बंदच होता.

आई रोज नऊला मालिकेसमोर खुर्चीत झोपते. टीव्ही बंद केला की डोळे न उघडता म्हणते, "बघतेय मी." तिच्या मनगटावर दोन बांगड्या आहेत, घड्याळ नाही.

गेल्या शुक्रवारी सीएसएमटीहून बदलापूर लोकल पकडली. दादरला चौथी सीट मिळाली, म्हणजे अर्धं बूड हवेत. कानाशी टाळ कुटणारं भजनी मंडळ, मांडीवर कुणाची तरी भाजीची पिशवी, डोक्यावर ट्यूबलाइट. झोपेच्या सगळ्या नियमांचा चुराडा. मला उतरायचं होतं डोंबिवलीला. जाग आली तेव्हा गाडी रिकामी, बदलापूर आलेलं आणि पिशवीवाला मला हलवत म्हणत होता, "काका, पिशवी द्या."

मनगट थरथरलं. गाढ झोप उत्तम, ८६.

परतीच्या गाडीला वीस मिनिटं होती. स्टॉलवर गेलो आणि एक कटिंग सांगितला.