नऊ दिवसांचा आठवडा

डेट डायमेन्शन, म्हणजे तारखांचं टेबल, हे डेटा वेअरहाउसमधलं (रिपोर्टांसाठी कंपनीचा सगळा डेटा जिथे साठवतात तिथलं) सगळ्यात गरीब टेबल. दिवसाला एक ओळ. दहा वर्षं भरली तरी साडेतीन हजारांच्या थोडं वर. विक्रीच्या कोट्यवधी ओळींपुढे हे म्हणजे किस झाड की पत्ती! म्हणून मीटिंगमध्ये मी बोलून गेलो, "दुपारपर्यंत देतो." कोणत्या दुपारपर्यंत, हे सुदैवाने कुणी विचारलं नाही.

महिना, तिमाही, वार, सुट्टी आहे की नाही, असे कॉलम भराभर झाले. प्रत्येक ओळीची ओळख म्हणून २०२४०२२९ अशी आठ अंकी 'की' (key) ठरली. मग आला आठवडा.

विक्रीवाल्यांचा आठवडा रविवारी सुरू होतो, हिशेबवाल्यांचा सोमवारी. भांडण नको म्हणून मी आयएसओ ८६०१ हे तारखांचं आंतरराष्ट्रीय मानक पुढे केलं. त्याचा नियम असा, की वर्षातला पहिला गुरुवार ज्या आठवड्यात येतो तो पहिला आठवडा, आणि सुरुवात सोमवारी. त्यामुळे १ जानेवारी २०२१, शुक्रवार, हा २०२० च्या त्रेपन्नाव्या आठवड्यात जातो.

"म्हणजे नवीन वर्ष लागलंच नाही?" हिशेबवाले साहेब.

"वर्ष लागलं साहेब, आठवडा लागला नाही."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. आठवडा तिथेच होता.

खरी गंमत पुढे झाली. २०२४ च्या पहिल्या आठवड्यात विक्रीने उसळी मारली. विक्रीवाल्यांनी त्याचं श्रेय घेऊनही टाकलं. मी ओळी मोजल्या तर त्या आठवड्यात नऊ दिवस! ३० आणि ३१ डिसेंबर २०२४ हे आयएसओच्या हिशेबाने २०२५ च्या पहिल्या आठवड्यातले. मी मात्र आठवडा आयएसओचा घेतला आणि वर्ष भिंतीवरच्या कॅलेंडरचं. त्यामुळे डिसेंबरचे दोन दिवस गुपचूप जानेवारीत जाऊन बसले होते. आयएसओ वर्षाचा वेगळा कॉलम केल्यावर दिवस सात झाले. श्रेय परत द्यायला कुणी आलं नाही.

तेवढ्यात कुणाला तरी सेकंद हवे झाले. दिवसाचे ८६,४०० सेकंद तारखांच्याच टेबलात कोंबले तर वर्षाला ३,१५,३६,००० ओळी! दिवसातल्या वेळेचं वेगळं टेबल करून तो विषय मिटवला.

शेवटी न पोचलेल्या पार्सलांचा प्रश्न आला. पोचल्याची तारीखच नाही, आणि फॅक्ट टेबलात, म्हणजे व्यवहारांच्या नोंदींच्या टेबलात, तारखेची की रिकामी ठेवायची नाही. मी आपली १ जानेवारी १९०० टाकली. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला: डिलिव्हरीला लागणारा सरासरी काळ उणे अकरा वर्षं. ऑर्डर द्यायच्या आत माल घरात, तोही ग्राहकाच्या पणजोबांच्या! मग उणे एक अशी की देऊन एक खास ओळ केली. त्या ओळीत तारीख रिकामी, वर्णनात 'अद्याप ठरलेली नाही'.

संध्याकाळी बॉस डोकावले. "टेबल पूर्ण कधी होणार?"

मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली आणि उणे एकच्या ओळीवर बोट ठेवलं.