‘दंगल आधीच ओळखा’: सहा दावे आणि एक रुग्णवाहिका

‘दंगल आधीच ओळखा, जीव वाचवा’ असा मथळा आणि वर लाल दिव्याची तीन चित्रं. हा लांबलचक मेसेज आठवडाभर मराठवाड्यातल्या ग्रुपांवर फिरतोय. घरच्या ग्रुपवर तो मावशीनं टाकला, खाली चौघांनी हात जोडले आणि भाच्यानं तो गावच्या ग्रुपवर ढकललासुद्धा. म्हणून हे लिहावं लागतंय.

मेसेजमध्ये सहा दावे आहेत. एक: दंगल अचानक पेटते, आधी कुणालाच कळत नाही. दोन: शांतता समिती म्हणजे चहा-चिवडा, उपयोग शून्य. तीन: अनोळखी माणसं, बाहेरच्या पासिंगच्या गाड्या दिसल्या की फोटो आणि नंबर लगेच सगळ्या ग्रुपवर टाका. चार: संयुक्त राष्ट्रांचं एआय दंगलीची तारीख, वार, चौक सांगतं, सरकार दाबून ठेवतं. पाच: नेट बंद केलं की दंगल बंद. सहा: रवांडात वेळेवर इशारा मिळाला असता तर 8 लाख माणसं वाचली असती, म्हणून हा मेसेज 11 ग्रुपवर पाठवा. शेवटी एक ‘दंगल हेल्पलाइन’. पहिला दावा म्हणतो कुणालाच कळत नाही, चौथा म्हणतो तारखेसकट कळतं. लिहिणाऱ्यानं स्वतः तरी पूर्ण वाचला होता का, कोण जाणे.

आधी तिसरा दावा घेऊ. बाकीचे पाच चुकीचे आहेत, हा माणूस मारणारा आहे.

1 जुलै 2018, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा. आठवडी बाजाराचा दिवस. ‘मुलं पळवणारी टोळी फिरतेय’ हे मेसेज त्याआधी कित्येक दिवस फिरत होते. भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना लोकांनी धरलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि तिथंच ठेचून मारलं. माणसं होती सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडची. म्हणजे ‘बाहेरची’. जमावातल्या प्रत्येकाला आपण गाव वाचवतोय असंच वाटत होतं. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढं पाठवता येईल अशी मर्यादा घातली. आणि आपण 2018 मधलीच सूचना पुन्हा ‘जीव वाचवा’ म्हणून वाटतोय.

त्यातही हा सल्ला मराठवाड्यात द्यावा याची कमाल वाटते. बीड जिल्ह्यातला ऊसतोड कामगार दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाड उचलतो आणि कोल्हापूर, सांगली, कर्नाटकाच्या फडांवर पाच-सहा महिने राहतो. तिथल्या गावांसाठी तो अनोळखी माणूस असतो आणि त्याचा ट्रॅक्टर बाहेरच्या पासिंगचा. तिकडंही हाच मेसेज गेला, तर फोटो कुणाचे निघणार?

काही खटकलं तर बोलायचंच नाही, असं कुणी म्हणत नाही. बोलायचं, पण ज्याचं ते काम आहे त्याच्याशी. महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, 1967 नुसार सार्वजनिक शांततेला बाधा येईल अशी माहिती गोळा करून ठाण्याला कळवणं हे पोलीस पाटलाचं कर्तव्यच आहे. म्हणजे गावपातळीवरची पूर्वसूचना यंत्रणा आपल्याकडं कायद्यात 1967 पासून बसलेली आहे. ती का चालत नाही हा खरा प्रश्न, आणि त्याचं उत्तर बऱ्याचदा खबरेच्या मजकुरातच सापडतं.

ठाण्यात येणारी नेहमीची खबर अशी: ‘साहेब, गावात वातावरण लई गरम हाय, काहीतरी होणार.’ ठाणे अंमलदारानं यावर काय करावं? आता दुसरी पाहा: ‘सोमवार, सायंकाळी 7.20. बसस्टँडसमोरचा जयंतीचा फ्लेक्स खालच्या बाजूनं फाडलेला. स्वतः पाहिला. दुपारी 4 ला नीट होता असं पानटपरीवाला सांगतो, ते ऐकीव. समोर 15-20 पोरं उभी, हातात काही नाही. उद्या सकाळी 9 ला मिरवणूक याच रस्त्यानं.’ काय, कुठं, किती वाजता, पाहिलेलं की ऐकलेलं, आणि पुढं काय ठरलेलं आहे, एवढ्या पाच गोष्टी आल्या की खबर कामाची झाली. शेवटची गोष्ट लोक हमखास विसरतात आणि तीच सगळ्यात महत्त्वाची, कारण त्यावरून हातात किती तास आहेत ते कळतं. इथं चौदासुद्धा नाहीत.

तेवढ्या वेळात करायची कामंही ठरलेली असतात. पंचनामा आणि गुन्हा रात्रीच नोंदवायचा, नाहीतर सकाळपर्यंत ‘पोलीस तक्रारच घेईनात’ ही नवी अफवा तयार होते. समोरच्या दुकानाच्या कॅमेऱ्यातलं चित्रण लगेच काढून घ्यायचं, कारण डीव्हीआर भरला की जुनं आपोआप पुसलं जातं. तसाच फ्लेक्स रात्रीत छापून पहाटेआधी त्याच जागेवर लावायचा. फाटका फ्लेक्स उजाडता दिसला की त्याचे फोटो निघणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. मिरवणुकीचे आयोजक आणि दुसऱ्या बाजूची दोन जाणती माणसं एकाच टेबलाशी बसवायची. वेगवेगळी बसवली तर दोघं दोन गोष्टी बाहेर सांगतात. आणि दंगा नियंत्रण पथकाची गाडी तालुक्याला उभी न ठेवता मिरवणूक जिथं वळते तिथं लावायची.

फसतं ते पडताळणीत. तिघांनी सांगितलं म्हणजे तीन सूत्रं झाली असं धरलं जातं, आणि तिघांनीही एकच ग्रुप वाचलेला असतो. दुसरी खोट याहून वाईट: ठाण्यातून ‘पाटलानं कळवलं’ असं नावासकट फुटतं. ज्याच्या पोराचं नाव आलं तो दुसऱ्या दिवशी पाटलाच्या ओट्यावर येऊन उभा राहतो. त्यानंतर त्या गावातून खबर येणं बंद. खबर देणाऱ्याला उलट फोन करून ‘तू सांगितलंस, आम्ही हे केलं’ एवढं कळवण्याची पद्धत तर जवळपास कुठंच नाही. दोनदा सांगून काही हललं नाही की तिसऱ्यांदा कोण सांगणार?

आता पहिला दावा. यात अर्धं सत्य आहे, नाइलाजानं मान्य करतो. ठिणगी नेमकी किती वाजता पडेल हे कुणालाही सांगता येत नाही. पण रॉकेल कधीपासून सांडलेलं आहे ते दिसतं. भिवंडीत 7 मे 1970 ला शिवजयंतीच्या मिरवणुकीत पेटलं. मिरवणुकीचा मार्ग आणि घोषणा यांवरून तिथं काही वर्षं ताण होता, हे न्यायमूर्ती मादन आयोगापुढं तपशिलानं आलं. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव 27 जुलै 1978 ला विधिमंडळात झाला आणि लगेच दलित वस्त्या जळू लागल्या. ती मागणी काय आदल्या रात्री आली होती? मे 2018 ला औरंगाबादेत शहागंज-मोतीकारंजा भागात पेटलं, तेव्हा अनधिकृत नळजोडण्या तोडण्यावरून आधीपासून कुरबुर सुरू होती. मे महिना, पाणी आणि मराठवाडा. यात अचानक काय होतं?

‘पण दंगली शहरात होतात, खेड्यात नाही’ असं एक पोटकलमही मेसेजमध्ये आहे. आशुतोष वार्ष्णेय आणि स्टीव्हन विल्किन्सन या राज्यशास्त्राच्या अभ्यासकांनी 1950 ते 1995 मधल्या हिंदू-मुस्लिम दंगलींची नोंद केली. त्यात खेड्यांतले मृत्यू 4 टक्क्यांहूनही कमी निघाले, हे खरं. पण ती नोंद एकाच प्रकारच्या दंगलीची. 1978 ची जाळपोळ त्या हिशेबात येतच नाही, आणि ती खेड्यापाड्यांतच होती.

फरक ओळखायचा तर आधी नेहमीचं काय ते ठाऊक हवं. बाजार रोज कधी उठतो ते माहीत नसेल, तर आज दोन तास आधी उठला याला काही अर्थ नाही. आफ्रिकेच्या शिंगातल्या ‘इगाड’ या देशसमूहानं 2002 च्या करारातून ‘सेवार्न’ नावाची यंत्रणा उभी केली. गुराढोरांच्या लुटीवरून सीमाभागात होणाऱ्या हत्या रोखणं हे तिचं सुरुवातीचं काम. तिथले स्थानिक निरीक्षक घटना घडली की अहवाल द्यायचेच, पण काहीही घडलेलं नसताना आठवड्याला ठरलेले प्रश्नही भरायचे. त्यात लुटीला निघण्याआधी वडीलधाऱ्यांचा आशीर्वाद घेण्याचे विधी झाले का, असलाही प्रश्न होता. आपल्याकडं गोपनीय शाखेचा माणूस काहीतरी घडल्यावर गावात उगवतो. शांत आठवड्याची नोंदच नसते.

शांतता समितीचा चहा-चिवडा? हो, बऱ्याच ठिकाणी तेवढंच असतं. गणेशोत्सवाआधी एक बैठक, ईदआधी एक, तीच दहा पांढरी शर्टं, फोटो, संपलं. बायका नाहीत, विशी-पंचविशीतली पोरं नाहीत, आणि रात्री चौकात कोण बसतं हे नेमकं यांनाच माहीत असतं. पण ‘उपयोग शून्य’ म्हणणाऱ्यानं भिवंडीच पाहावी. 1970 आणि 1984 ला जळालेलं हे गाव. तिथं 1988 नंतर पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या बांधल्या. पुढाऱ्यांऐवजी साधी माणसं घेतली, बैठका नियमित ठेवल्या आणि नळाचं, गटाराचं, पोरांच्या मारामारीचं भांडण तिथल्या तिथं मिटवायला लावलं. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 ला शेजारी मुंबई पेटलेली असताना भिवंडी शांत राहिली. चहा तिथंही होत असणारच.

एआयचं थोडक्यात. संयुक्त राष्ट्रांकडं तारीख-वार सांगणारं यंत्र नाही. उप्साला विद्यापीठ आणि ओस्लोची शांतता संशोधन संस्था ‘व्ह्यूज’ नावाची अंदाजप्रणाली चालवतात. ती दर महिन्याला, पुढच्या 36 महिन्यांपर्यंतचा संघर्षातल्या मृत्यूंचा अंदाज देते, आणि तो सगळ्यांसाठी खुला असतो. दाबून ठेवायला त्यात काही नाही. तिचा सगळ्यात लहान चौकोन अर्ध्या अंशाचा, म्हणजे साधारण 55 किलोमीटर बाजूचा. म्हणजे जालन्यापासून संभाजीनगरच्या वेशीपर्यंत एकच खण होईल एवढा. त्यातून चौक कसा काढणार?

नेटबंदीनं खोटे व्हिडिओ फिरण्याचा वेग कमी होतो, एवढं मान्य. पण 30 ऑक्टोबर 2023 ला माजलगाव आणि बीडमध्ये जाळपोळ आधी झाली, बंदी नंतर आली. आणि नेट गेलं की ‘हे खोटं आहे’ असं सांगणाराही गप्प होतो. अफवेला तोंड पुरतं.

राहिला रवांडा. हा दावा वाचून चीड येते, कारण इशारा मिळाला होता, आणि तोही वर सांगितलेल्या फ्लेक्सच्या खबरेइतका नेमका. 11 जानेवारी 1994 ला संयुक्त राष्ट्रांच्या तिथल्या सेनेचे प्रमुख रोमिओ दालेर यांनी किगालीहून न्यूयॉर्कला सांकेतिक संदेश पाठवला. सूत्र कोण, तर इंटरहाम्वे या टोळीला प्रशिक्षण देणाराच माणूस. किगालीतल्या सगळ्या तुत्सींची, म्हणजे तिथल्या अल्पसंख्याक समाजाची, नोंदणी करायचा हुकूम आपल्याला मिळालाय आणि आपली माणसं 20 मिनिटांत हजार जणांना मारू शकतात, असं त्यानं सांगितलं. लपवलेला शस्त्रसाठा दाखवायलाही तो तयार होता. 36 तासांत तिथं छापा घालायचा दालेर यांचा बेत होता. न्यूयॉर्कनं नकार दिला: हे तुमच्या अधिकारात बसत नाही, राष्ट्राध्यक्षांना आणि काही राजदूतांना कळवा. शस्त्रं जागेवरच राहिली. 85 दिवसांनी, 6 एप्रिलच्या रात्री राष्ट्राध्यक्षांचं विमान पडलं आणि कत्तल सुरू झाली. सुमारे 100 दिवसांत 8 लाखांच्या आसपास माणसं गेली.

इंग्वार कार्लसन या स्वीडनच्या माजी पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र चौकशी झाली. तिचा डिसेंबर 1999 चा अहवाल अपयशाच्या मुळाशी दोन गोष्टी ठेवतो: साधनांची कमतरता आणि इच्छाशक्तीचा अभाव. माहिती नव्हती, असं तो म्हणत नाही. ती खबर आली तर कुणी काय करायचं हे आधी ठरलेलं नव्हतं, आणि ज्यांच्या टेबलावर ती पडली त्यांना ते ठरवायचंही नव्हतं. तो संदेश 11 ग्रुपवर गेला असता तर काय झालं असतं? शस्त्रसाठा हलवला गेला असता आणि खबऱ्याचा मुडदा पडला असता.

आता ती हेल्पलाइन. मेसेज म्हणतो, ‘तणाव दिसला की 108 वर एसएमएस करा.’ हा क्रमांक खोटा नाही, केनियातला आहे. 2007-08 च्या निवडणुकीनंतर तिथं हजाराहून जास्त माणसं मारली गेली. पुढं 2010 च्या नव्या राज्यघटनेवरच्या सार्वमतावेळी ‘उविआनो’ या मंचानं लोकांकडून तणावाच्या खबरा घ्यायला 108 हा मोफत एसएमएस क्रमांक ठेवला होता. कुणीतरी तिकडचा मजकूर उचलला आणि क्रमांकासकट मराठीत आणला. इथं पोलिसांसाठी 112 आहे. 108 फिरवलात तर रुग्णवाहिका येईल.