पाण्याची टाकी लहान करू नका

“छोट्या व्हॅनमध्ये २० लिटरची टाकी पुरे, पाणी वाटेत कुठंही भरता येतं” हे व्हॅनमध्ये राहून प्रवास करण्यावरच्या लेखातलं म्हणणं मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये चालत नाही. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. अशा भागात पाहुण्यानं गावच्या हापशावर टाकी भरायला उभं राहावं, हे मला पटत नाही. पिण्यापुरतं कुणीही देतं, आग्रहानं देतं; भांडी-अंघोळीचं आपलं आपण न्यावं.

आमच्या गाडीत म्हणूनच ३० लिटरचे दोन कॅन आहेत. पलंगाखाली, पुढच्या-मागच्या चाकांच्या मधे, एक डावीकडं, एक उजवीकडं. भरल्यावर हे ६० किलो होतं, ते खालीच हवं. मागच्या दाराशी ठेवलं तर पुढची चाकं हलकी पडतात. शिवाय एकच मोठी टाकी अर्धी झाली की वळणावर पाणी हिंदकळतं. या जागेसाठी फ्रीज सोडला, त्याच्यासोबत मोठी बॅटरीही गेली. दूध-भाजी रोजची रोज घेतो, धपाटे तर दुसऱ्या दिवशीही चांगले राहतात. छतावरचा पंखा आणि पत्र्याआतलं उन्हाची धग अडवणारं अस्तर (इन्सुलेशन) मात्र कशाच्याही बदल्यात सोडू नका.