फौजीला हायकोर्टाची पायरी का नको?

आमच्या अंबडकडच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर आठवडाभर एकच वाद पेटलाय: फौजीनं पेन्शनसाठी, बडतर्फीविरुद्ध हायकोर्टात जावं का? बहुतेकांचं मत ठाम. "फौजेचं फौज बघून घेईल. जज मधे आले की शिस्त संपली." त्यात एका चुलतभावानं लिहिलं, "परदेशात असलं चालतंय का?"

परदेशात मी राहतो, म्युनिकला. इथं शांततेच्या काळात लष्करी फौजदारी कोर्टच नाही. सैनिकानं चोरी केली तरी खटला साध्या कोर्टात. बाहेरच्या मोहिमेवर गुन्हा घडला तर 2013 पासून तपास केम्प्टेन शहरातल्या मुलकी सरकारी वकिलांकडे. शिस्तभंगाची वेगळी कोर्टं आहेत, एक इथं म्युनिकमध्येच. तिथंही अध्यक्ष मुलकी न्यायाधीश असतो. बुंडेसवेरची, म्हणजे जर्मन लष्कराची, शिस्त त्यानं काही बिघडली नाही.

आणि आपल्याकडं तरी हे खूळ कुणाचं? कोर्ट मार्शलविरुद्ध अपिलाची सोय नाही, ही खंत 1982 साली पृथीपाल सिंग बेदी खटल्यात सुप्रीम कोर्टानंच बोलून दाखवली. म्हणून फौजींची प्रकरणं ऐकणाऱ्या सशस्त्र दल न्यायाधिकरणाचा कायदा आला 2007 मध्ये, काम सुरू झालं 2009 मध्ये. तिथं न्यायमूर्तींच्या शेजारी निवृत्त वरिष्ठ लष्करी अधिकारी बसतो, म्हणजे फौजेचं म्हणणं ऐकणारा माणूस आतच आहे. पुढं सुप्रीम कोर्टात अपील करायचं तर सार्वजनिक महत्त्वाचा कायद्याचा प्रश्न लागतो. हवालदाराच्या पेन्शनीत तो कुठून यायचा? सुप्रीम कोर्टाच्याच 2015 च्या निकालानं न्यायाधिकरणानंतर हायकोर्टात जायची वाटही जवळजवळ बुजली होती. 2023 मध्ये सुप्रीम कोर्टानं ती मोकळी केली, आणि ग्रुपवाल्यांना नेमकी तीच खुपते.

माझे मामा हवालदार होते. रक्तदाबावरून त्यांना घरी पाठवलं आणि अपंगत्व पेन्शन नाकारली. आजार नोकरीमुळं नाही म्हणे. भरतीच्या वेळी धडधाकट होते ते. अशा माणसाचा आजार नोकरीतच जडला असं धरून चालायचं, त्यानं ते सिद्ध करत बसायचं नाही, हे सुप्रीम कोर्टानं 2013 मध्ये धरमवीर सिंग प्रकरणात स्पष्ट केलंय. मामांनी कागद ट्रंकेत ठेवून दिले. "सरकारशी भांडायचं नसतं बाबा," म्हणाले. ग्रुपवर ज्याला शिस्त म्हणतात ती हीच असेल, तर मला ती मान्य नाही.

हे लिहिल्यावर उत्तर आलं: "तू आता जर्मन. तुला काय करायचंय?"

खरंय. भारतीय पासपोर्ट मी जमा केलाय, मतदान करू शकत नाही. मामांनी देशासाठी तब्येत घालवली आणि भाचा देश सोडून आला, हे मला रोज बोचतं. कदाचित म्हणूनच मी या वादात इतक्या त्वेषानं उतरतो. पण मामांचे कागद वाचून अर्ज लिहायला पासपोर्ट लागत नाही.

अर्ज आधी मुंबईच्या न्यायाधिकरणातच करावा लागेल. देवगिरी एक्स्प्रेसची रात्र काढून या वयात त्यांनी दर तारखेला तिकडं का जावं? हायकोर्टाचं खंडपीठ छत्रपती संभाजीनगरला 1981 पासून आहे, छावणीही तिथं आहे. न्यायाधिकरणानं मराठवाड्याच्या फौजींसाठी तिथं फिरती बैठक घ्यावी, हे पत्र मी लिहितोय. ग्रुपमधल्या ज्यांना सही करायची असेल त्यांनी कळवा.