खवले मांजराचा तो मेसेज पुढे पाठवण्याआधी

संगमेश्वरकडच्या माझ्या मामांनी परवा एक मेसेज पाठवला आणि खाली विचारलं, “हे खरं काय रे? आपल्या काजूच्या बागेत बीळ दिसतंय.” मेसेज तुमच्याही ग्रुपवर येऊन गेला असेल. त्यातले दावे असे: खवले मांजराला, म्हणजे अंगभर खवले असलेल्या पँगोलिनला, परदेशात कोटींचा भाव आहे. खवल्यांनी मूळव्याधीपासून कॅन्सरपर्यंत सगळं बरं होतं. जिवंत घरात ठेवलं तर लक्ष्मी टिकते. आपल्या जमिनीत सापडलं तर ते आपलंच. आणि वन खात्याला अजिबात कळवू नका, तेच लोक नेऊन विकतात. शेवटी ‘खात्रीचं गिऱ्हाईक’ म्हणून एक मोबाईल नंबर. सत्तरीच्या माणसाला तुरुंगाच्या दारात नेऊन उभं करणारा मेसेज आहे हा, म्हणून राग येतो.

औषधाचं लवकर आटपतो. खवलं केराटिनचं असतं, म्हणजे आपली नखं आणि केस ज्याचे असतात त्याचंच. नखं उगाळून कोणाची मूळव्याध गेली आहे? ज्या चीनच्या नावाने हा बाजार चालतो, त्या चीननेही 2020 साली खवल्यांना आपल्या अधिकृत औषधकोशाच्या यादीतून काढलं.

लक्ष्मीचा मुद्दा नुसता खोटा नाही, क्रूर आहे. या प्राण्याला दात नसतात. लांब चिकट जिभेने मुंग्या आणि वाळवी टिपायची, एवढंच त्याचं खाणं. पिंपात किंवा गोणत्यात कोंडून दूध-भात पुढे ठेवला तर तो खात नाही, खंगून मरतो. धोका दिसला की अंगाचं वेटोळं करून गप्प पडून राहतो. बिबट्यापुढे ही युक्ती चालते, पण माणूस ते वेटोळं सरळ उचलून पोत्यात टाकतो. मादीला बहुधा एका वेळी एकच पिल्लू होतं आणि ते आईच्या शेपटीवर बसून फिरतं. आई गेली की तेही गेलं. पुढे खवले सुटावेत म्हणून धड उकळत्या पाण्यात घालतात. आणि वाळवीने कलमं पोखरली म्हणून दरवर्षी औषधावर पैसे घालवणारे आपण, वाळवी खाणारं जनावर विकायला निघतो!

भावाबद्दल थोडं मान्य करावं लागेल. परदेशात खवल्यांचा चोरटा बाजार आहे आणि तिथे पैसा आहे. नसता तर 2016 साली जोहान्सबर्गला साईट्सच्या, म्हणजे धोक्यातल्या वन्यजीवांच्या व्यापाराबद्दलच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, परिषदेत खवले मांजराच्या आठही जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी घालायची वेळ आली नसती. पण तो पैसा पकडणाऱ्याच्या हातात पडत नाही. बातम्या आठवून पाहा. रस्त्याच्या कडेला, लॉजवर, एस.टी. स्टँडजवळ सापडतात ती बहुतेक खेड्यातली पोरं, आणि पुष्कळदा समोरचं ‘गिऱ्हाईक’ म्हणजे वन खात्याच्या किंवा पोलिसांच्या पथकाने पाठवलेला माणूस असतो.

‘आपल्या जमिनीत सापडलं’ म्हणणाऱ्यांनी वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 एकदा उघडून पाहावा. त्यात शिकारीची व्याख्या नुसती मारण्यापुरती नाही. पकडणं, सापळा लावणं, तसा प्रयत्न करणं हीसुद्धा शिकारच. जमीन कोणाची, याने काही फरक पडत नाही. कलम 39 प्रमाणे असा प्राणी सरकारची मालमत्ता ठरतो आणि ताब्यात आल्यावर 48 तासांत कळवावं लागतं. कलम 57 प्रमाणे ताबा कायदेशीर होता हे आरोपीने सिद्ध करायचं. खवले मांजर अनुसूची 1 मध्ये, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे; म्हणून किमान 3 वर्षं, कमाल 7 वर्षं कैद आणि 2022 च्या दुरुस्तीनंतर किमान 25,000 रुपये दंड. जामीनही सहज मिळत नाही.

आता सगळ्यात विषारी वाक्य: ‘वन खातं स्वतःच विकतं.’ खात्यातला एकही माणूस कधी सामील नसतो, असं मी म्हणणार नाही. पीकनुकसानीच्या भरपाईसाठी हेलपाटे घालून वैतागलेला शेतकरी खात्यावर चिडून असतो, तेही समजतं. पण जप्ती झाली की पंचांसमोर पंचनामा होतो, गुन्हा नोंदला जातो, प्रकरण न्यायदंडाधिकाऱ्यापुढे जातं आणि प्राणी धडधाकट असेल तर तो परत जंगलात सोडला जातो. इतके कागद आणि इतके डोळे असताना जनावर ‘नेऊन विकणं’ सोपं, की त्या मोबाईल नंबरवाल्याला रात्री गुपचूप देणं? मैलोन् मैलांचं बीट, म्हणजे नेमून दिलेला जंगलाचा भाग, एक वनरक्षक पायी फिरतो, बऱ्याचदा हातात नुसती काठी. शिकाऱ्यांनी लावलेले फासे शोधून काढायचे, वणव्यात धावायचं, पोरं पकडली की गावाच्या शिव्या खायच्या. 2021 च्या नोव्हेंबरात ताडोब्यात वाघांच्या खुणा नोंदवायला पायी निघालेल्या एका महिला वनरक्षकाचा वाघिणीच्या हल्ल्यात जीव गेला. या माणसांना चोर ठरवून मेसेजवाल्याला काय मिळतं ते उघड आहे. गावाने खात्याला फोन केला नाही, की त्याचा धंदा चालतो.

मामांना सांगितलं ते असं. बिळाला हात लावू नका, धूर करू नका, रात्री कुत्री बांधून ठेवा. फोटो काढून कुठल्याच ग्रुपवर टाकू नका, जागा तर मुळीच सांगू नका. जनावर विहिरीत पडलं, जखमी दिसलं किंवा कोणी सौद्याची भाषा केली, तर 1926 हा वन विभागाचा नंबर आहे, फोन फुकट लागतो. मेसेजखालचा ‘खात्रीच्या गिऱ्हाइका’चा नंबरही तिथेच कळवा.